पाण्यावरची माणसे – लेखांक सातवा : उभ्याने वल्हवणे, घरच्या साधनांवर

रुंद फळीवर उभे राहून, लांब दांड्याच्या एकाच वल्ह्याने पाणी मागे सारत पुढे जाण्याच्या क्रीडाप्रकाराला 'स्टँड-अप पॅडलबोर्डिंग' किंवा थोडक्यात 'सप' असे म्हणतात. त्याचे आजचे रूप हवाई बेटांवर घडले. विसाव्या शतकाच्या मध्यास वायकिकी किनाऱ्यावर पर्यटकांना लाटांवर घसरण्याचा खेळ शिकवणारे स्थानिक तरुण विद्यार्थ्यांवर नजर ठेवता यावी आणि त्यांची छायाचित्रे टिपता यावीत म्हणून आपल्या नेहमीच्या लाटाफळीवरच उभे राहत, आणि हाताशी असलेले होडीचे वल्हे वापरीत. २००० नंतरच्या काही वर्षांत लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या लाटावीरांनी हा प्रकार पुन्हा उचलून धरला, तेव्हा होडीचे आखूड वल्हे उभ्या माणसाला पुरत नाही असे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी लांब दांड्याची वल्ही मुद्दाम करवून घेतली. म्हणजे आज दुकानात हजारो रुपयांना मिळणारा सरंजाम मुळात जवळच्या वस्तूंच्या जुळवाजुळवीतून उभा राहिला. त्यामुळे या खेळाची सुरुवात स्वतःच्या साधनांवर करू पाहणारा नवशिका परंपरेला सोडून काही करतो असे म्हणता येत नाही. मात्र कोणती वस्तू कोणत्या कामापुरती चालते आणि कोठे ती जिवावर बेतते, हे त्याने आधी समजून घ्यावे लागते.

भारतात हा खेळ प्रामुख्याने किनाऱ्यावर रुजला. चेन्नईजवळचे कोवलम आणि मंगळूरजवळचे मुल्की ही त्याची ठळक केंद्रे होत, आणि मंगळूरच्या ससिहित्लू किनाऱ्यावर २०२४ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही झाली. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या सोलापूरकराला तो परका वाटणे साहजिक आहे. परंतु तरंगणाऱ्या वस्तूवर भार टाकून पाणी ओलांडण्याचे ज्ञान दख्खनच्या नदीकाठाला मुळीच परके नाही. वाळलेला भोपळा, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका किंवा तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसांची पिढी खेड्यांतून अजून आहे. पंढरपुरात चंद्रभागेच्या पात्रातून यात्रेकरूंना गोपाळपूरजवळच्या विष्णुपदाकडे नेणारे कोळी नावाडी वल्ह्याइतक्याच सहजतेने बांबूही वापरतात. महाराष्ट्रातील धरणांच्या जलाशयांवर ट्रकच्या चाकाच्या ट्यूबवर बसून जाळी लावणारे मच्छीमार दिसतात. मराठवाड्यात आणि त्याला लागलेल्या भागात थर्माकोलचे तुकडे बांधून केलेल्या तराफ्याला 'चप्पू' म्हणतात, तर कृष्णा-पंचगंगेच्या ऊसपट्ट्यात गुऱ्हाळावरची गूळ आटवण्याची काहील पुराच्या दिवसांत होडीचे काम करते. ही सर्व साधने तरंगतात. उभे राहू देणारी मात्र त्यांतली थोडी, आणि त्यामागे निव्वळ भूमितीचे कारण आहे.

पाण्यात बुडालेला भाग जितके पाणी बाजूला सारतो तितक्या पाण्याच्या वजनाएवढे बल वस्तूला वर उचलते. या बलाला 'उत्प्लावन बल' म्हणतात. गोड्या पाण्याच्या एका लिटरचे वजन एक किलोग्रॅम असल्याने हिशेब सोपा होतो. ७५ किलोचा माणूस आणि १० ते १५ किलोची फळी यांना तरंगवण्यासाठी सुमारे ९० लिटर पाणी हटले पाहिजे, आणि फळी पाण्याच्या वर आरामात राहावी म्हणून तिचे एकूण आकारमान त्याच्या दुपटीहून अधिक असावे लागते. नवशिक्यासाठीच्या बाजारी फळ्या बहुधा २०० ते ३०० लिटरांच्या असतात त्या याचमुळे. या कसोटीवर घरातल्या पुष्कळ वस्तू उत्तीर्ण होतात. २०० लिटरचा बंद झाकणाचा प्लास्टिक पिंप स्वतःचे वजन वजा जाता सुमारे १९० किलो भार पेलतो, आणि ट्रकची पूर्ण फुगवलेली ट्यूब एका माणसाला सहज तरंगवते. तरंगणे ही फारच ढिली कसोटी आहे, आणि पाण्यावर हौसेने उतरणारे बरेच लोक तिच्यावरच थांबतात.

खरी कसोटी स्थैर्याची. माणूस आणि साधन मिळून होणाऱ्या वजनाचा जो मध्यबिंदू त्यास 'गुरुत्वमध्य' म्हणतात, आणि उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या आसपास, पायाखालच्या पातळीपासून सुमारे ९० सेंटिमीटर ते १ मीटर उंचीवर असतो. साधन किंचित कलले की बुडालेल्या बाजूला जास्त पाणी हटते, उत्प्लावन बल त्या बाजूस सरकते आणि साधनाला परत सरळ करू पाहते. हे बल ज्या बिंदूतून टांगल्यासारखे वागते त्यास नौकाशास्त्रात 'मेटासेंटर' असे नाव आहे. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या खाली असला तर कललेले साधन आपोआप सरळ होते, आणि वर असला तर कलणे वाढत जाऊन माणूस पाण्यात पडतो. मेटासेंटर किती उंचावर असेल हे लांबीपेक्षा रुंदीवर कितीतरी अधिक अवलंबून असते, कारण तेवढ्याच भाराखाली त्याची उंची रुंदीच्या घनाच्या, म्हणजे रुंदीला तीनदा गुणून येणाऱ्या संख्येच्या, प्रमाणात बदलते.

३.२ मीटर लांब आणि ८० सेंटिमीटर रुंद फळीवर एकूण ९० किलो भार असेल, आणि फळी सोयीसाठी सरळ आयताकृती मानली, तर मेटासेंटर पाण्यापासून सुमारे दीड मीटर उंचीवर येतो. टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या खऱ्या फळीत तो थोडा खाली उतरतो, तरीही उभ्या माणसाच्या गुरुत्वमध्याच्या वरच राहतो. हीच फळी ६० सेंटिमीटर रुंद केली, म्हणजे रुंदी केवळ पाव हिश्शाने घटवली, तर तो बिंदू जेमतेम ६५ सेंटिमीटरांवर येतो. तिच्यावर उभे राहणाऱ्याला अंगभूत स्थैर्य काहीच मिळत नाही आणि सारा तोल त्याच्या घोट्यांवर येतो. पट्टीचे खेळाडू अरुंद फळीवर उभे राहतात ते सरावाच्या जोरावर. नवशिक्याने ८० सेंटिमीटरांच्या खाली जाऊ नये.

ट्यूबचा बाहेरचा व्यास सुमारे १ मीटर धरला आणि तिच्यावर ८० किलोचा भार ठेवला तर मेटासेंटर साधारण ६० सेंटिमीटरांवर येतो. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य बैठकीपासून फार तर ३० सेंटिमीटर उंच असल्याने मच्छीमार तिच्यावर दिवसभर निर्धास्त बसू शकतो. त्याच ट्यूबवर उभे राहणे मात्र नवशिक्याला साधणारे नाही. उलट अडीच मीटर व्यासाची काहील, तिचे स्वतःचे वजन आणि दोन-तीन माणसे मिळून साडेचारशे किलो भार धरला, तर तिचा मेटासेंटर चार मीटरांच्याही वर जातो. पुरात माणसे तिच्यात निवांत उभी राहिलेली दिसतात त्याचे हे कारण. तिचे दोष वेगळे आहेत. वर्तुळाकार असल्याने तिला पुढे-मागे अशी दिशाच नसते आणि एका बाजूने वल्हवले की ती जागीच गिरकी घेते. म्हणून तिच्यात कडेला न बसता जाण्याच्या दिशेच्या काठाशी थांबून पाणी आपल्याकडे ओढावे लागते. तुंगभद्रेवर हंपीजवळ गोल टोपलीहोड्या चालवणारे नावाडीही हेच करतात. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. काहिलीच्या तळाशी साचलेले पाणी ती जरा कलताच खालच्या बाजूस धावते आणि कल वाढवते. पाणी तळभर पसरले की तिचे बरेचसे स्थैर्य त्यात खर्ची पडते, तेव्हा बादली बरोबर नसेल तर काहिलीत पाय ठेवू नये.

पिंपांची गोष्ट निराळी. एकटा पिंप पाण्यात लोळतो, परंतु चार पिंप दोन-दोनच्या रांगांत, बाहेरच्या कडांमध्ये निदान सव्वा मीटर अंतर पडेल असे बांबूच्या चौकटीला आवळून वर फळ्या ठोकल्या, तर उभे राहण्यास उत्तम असा मंच तयार होतो. पुढे सरकण्यास तो जड आणि नाठाळ असतो, पण तोल शिकण्यासाठी त्याचा संथपणाच उपयोगी पडतो. फवारणीच्या औषधाचे पिंप मात्र या कामाला घेऊ नयेत, कारण धुतल्यानंतरही त्यांत राहिलेला अंश पाण्यात उतरतो.

सर्वांत विचार करण्याजोगे साधन थर्माकोलचे आहे, कारण हजारोंच्या किमतीच्या टणक फळीच्या पोटातही बहुधा तोच पदार्थ असतो. हवेचे बुडबुडे असलेल्या पॉलिस्टायरिनचा गाभा, त्यावर काचतंतूचे कापड आणि एपॉक्सी राळेचे कवच अशी तिची रचना असते. चप्पू आणि ती फळी यांत फरक आहे तो या कवचाचा. थर्माकोल दाब बऱ्यापैकी सोसतो, ताण मात्र सोसत नाही. माणूस मध्यावर उभा राहिला की फळी खाली वाकते, खालच्या अंगाला ताण बसतो आणि जोड तेथे तुटतो. यावर घरगुती उपाय असा की सुमारे ३ मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड भरेल इतके तुकडे विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवून रचावेत, वर आणि खाली लांबीच्या दिशेने दोन-दोन सरळ बांबू ठेवून ते एकमेकांशी आरपार दोरीने बांधावेत, आणि सारे ताडपत्रीत घट्ट गुंडाळावे. पेट्रोल आणि काही प्रकारचे गोंद थर्माकोल विरघळवतात, त्यामुळे डिंकावर विसंबण्यापेक्षा दोरी भली. ताडपत्री केवळ मजबुतीसाठी नसते. उघडा थर्माकोल घासला की त्याचे मणी सुटून पाण्यावर पसरतात, आणि सोलापूर शहर ज्या उजनीचे आणि हिप्परग्याचे पाणी पिते त्यात ते पसरवण्याचा हक्क कोणालाही नाही. असा तराफा कमरेइतक्या स्थिर पाण्यात शिकण्यापुरता ठीक आहे. खोल पाणी ओलांडण्यास तो वापरणे हा अविचार होय. ज्यांना सरावानंतर लांब पल्ला गाठायचा आहे त्यांनी आत असंख्य धाग्यांनी दोन पदर बांधलेली, हवा भरून टणक होणारी फळी भाड्याने किंवा विकत घ्यावी.

वल्ह्याच्या बाबतीत घरचे साधन जवळजवळ पूर्णपणे पुरते. त्याची लांबी चालवणाऱ्याच्या उंचीपेक्षा २० ते २५ सेंटिमीटर अधिक ठेवावी. मुठीत मावणारा सरळ, पक्का बांबू, वरच्या टोकाला आडवी मूठ आणि खालच्या टोकाला पाण्यात न उकलणाऱ्या प्लायवूडचे सुमारे २० सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर लांब पाते, ते दोन बोल्टांनी कसलेले, एवढ्यावर काम भागते. पात्याच्या कडा कानशीने गोल कराव्यात आणि वल्हे तरंगते की नाही हे हौदात टाकून पाहावे, कारण हातून सुटून बुडणारे वल्हे माणसाला पाण्याच्या मध्यभागी निराधार करते. विकतच्या वल्ह्याचे पाते दांड्याशी थोडा कोन करून पुढच्या दिशेस झुकलेले असते. नवशिके ते हटकून उलटे धरतात, आणि घरच्या सरळ पात्यात ही चूक होण्याची सोयच नाही.

पहिला सराव जमिनीवर होतो. गुडघे किंचित वाकवून, पावले खांद्यांइतकी फाकवून आणि नजर समोर ठेवून उभे राहण्याची ढब चालत्या एसटीत दांडी न धरता उभ्या राहणाऱ्या प्रवाशाची असते. गुडघे ताठ केले की तोल गेलाच. पाण्यात प्रथम गुडघ्यांवर बसून वल्हवावे, कारण त्याने गुरुत्वमध्य निम्म्याने खाली येतो, आणि तराफा सरळ चालू लागल्यावरच एकेक पाऊल टेकवत उठावे. वल्हे पायांच्या बरेच पुढे, पाते पूर्ण बुडेल असे घालावे, ते ओढण्यापेक्षा शरीर त्याच्याकडे नेत आहोत अशा रीतीने कंबरेतून जोर द्यावा, आणि पाते घोट्यांशी आले की बाहेर काढावे. त्यापुढे ओढलेले वल्हे वेग न देता फळीला वळवते. म्हणून वळायचे असेल तेव्हाच पाते पुढून मागे अर्धवर्तुळात फिरवावे. चार-पाच फटक्यांनंतर बाजू बदलावी. पडण्याचाही सराव हवा. पडताना फळीपासून दूर, पाण्यावर आडवे पसरून पडावे, पाय खाली रोवून उडी घेऊ नये. परत चढताना फळीच्या मध्याला धरून, पाय मागे पृष्ठभागावर आणून झोडपत पोट वर सरकवावे. ज्याला आधाराविना असे तीनदा चढता येत नाही त्याने काठापासून दूर जाऊ नये.

सोलापूर परिसरात पाणी निवडणे साधन निवडण्याहून कठीण आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांशी परंपरेने जोडलेला शहरातील सिद्धेश्वर तलाव हे श्रद्धास्थान आहे, खेळाची जागा नव्हे. शहरालगतचा हिप्परगा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश राजवटीत बांधला गेला आणि तो पाणीपुरवठ्याशी निगडित आहे. तेथे असो वा अन्य कोणत्या सरकारी जलाशयात, संबंधित कार्यालयाची परवानगी घेतल्याशिवाय उतरू नये. भीमेवर १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा यशवंतसागर जलाशय माढा, करमाळा, इंदापूर, दौंड आणि कर्जत तालुक्यांत पसरलेला आहे, आणि त्याचा मोकळा विस्तार हाच नवशिक्याचा वैरी आहे. वारा ज्या अखंड पाण्यावरून वाहत येतो त्याच्या लांबीवर लाटांची उंची ठरते, आणि उजनीत ती लांबी कित्येक किलोमीटर भरते. एप्रिल-मेच्या दुपारी वळिवाचे ढग जमले की शांत दिसणारे पाणी काही मिनिटांत उसळते. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. उभा माणूस स्वतःच शिडासारखा वारा अडवतो आणि वाहवत जातो. म्हणून वारा ताशी १५ किलोमीटरांच्या वर असताना उतरू नये, सूर्योदयानंतरचे पहिले दोन-तीन तास निवडावेत, आणि नेहमी आधी वाऱ्याविरुद्ध जाऊन परतताना वारा पाठीशी घ्यावा.

नदीचे वाहते पाणी नवशिक्याने वर्ज्यच मानावे. उजनीतून पाणी सोडले की भीमेची पातळी पाहता पाहता बदलते, आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत तर याहून मोठा धोका दडलेला असतो. या बंधाऱ्यांच्या दगडी खांबांमध्ये खाचा ठेवून त्यांत 'बर्गे' नावाच्या आडव्या फळ्या बसवलेल्या असतात. काही बर्गे काढलेले असले की वरच्या अंगाचे निश्चल भासणारे पाणी त्या फटीकडे प्रचंड जोराने खेचले जाते, आणि तेथे अडकलेल्याला ओढून काढणे बलदंड पोहणाऱ्यालाही जमत नाही. वाहत्या पाण्यात फळीची दोरी घोट्याला बांधणेही घातक ठरते, कारण ती बाभळीच्या खुंटाला किंवा जाळ्याला गुंतली की हात घोट्यापर्यंत पोहोचत नाही. स्थिर पाण्यात मात्र ती दोरी हवीच, आणि तीही एका झटक्यात सुटणाऱ्या गाठीने कमरेला बांधलेली.

घरच्या साधनांच्या या सगळ्या हिशेबात एक वस्तू बसत नाही, ती म्हणजे लाइफजॅकेट. भोपळा, डबा आणि ट्यूब ही पोहण्याची मदतनीस साधने होत. शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवण्याचे काम त्यांच्याकडून होत नाही. म्हणून बाकी सारे घरचे वापरावे, पण अंगाच्या मापाचे लाइफजॅकेट विकत घ्यावे. उथळ पाण्यात तरंगून पाहताना ते कानांपर्यंत वर सरकत असेल तर ते ढिले आहे असे समजावे.

राहिला प्रश्न शेततळ्याचा. डाळिंब आणि द्राक्षाच्या बागांसाठी सांगोला, पंढरपूर, मोहोळ या तालुक्यांत प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी मोठ्या संख्येने झाली आहेत, आणि आपल्या मालकीचे, स्थिर, लाटा नसलेले पाणी म्हणून ती पहिल्या सरावाला आदर्श वाटतात. प्रत्यक्षात जिल्ह्यातील सर्व पाण्यांत फसवे पाणी तेच आहे. तिरप्या उतारावरचे अस्तर ओले आणि शेवाळलेले असले की त्यावर पाय ठरत नाही. पडलेला माणूस काठापासून हातभर अंतरावर असूनही वर येऊ शकत नाही, आणि त्याला हात द्यायला आलेला दुसराही घसरतो. उथळ भाग नसल्याने पाय टेकवून दम घेण्याची सोय नसते. असे तळे सपसाठी तर नकोच, पण ज्यांच्या शेतात ते आहे त्यांनी खेळाचा विचार बाजूला ठेवूनही चारही उतारांवर हातभर अंतराने गाठी मारलेला जाड दोर तळापर्यंत सोडावा, त्याचे वरचे टोक काठावरच्या पक्क्या खुंटाला बांधावे, तळ्याला कुंपण घालावे आणि फुगवलेली एक ट्यूब लांब दोरीसह काठावर कायम ठेवावी. ट्यूब आणि दोर बहुतेक शेतकऱ्यांच्या घरी आधीपासूनच असतात. हे काम तळे भरण्याआधी उरकावे.